खिशात चुंबक, पायाखाली वऱ्हाड

ओझं फार घेऊ नका. मुठीत मावेल एवढं लोहचुंबक, त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार आणि पाण्याची बाटली. उन्हाळ्यात निघणार असाल तर बाटल्या दोन घ्या, वऱ्हाडात जायचं आहे. गिटार नको. ती वाटेत भेटेलच, फक्त जिथे भेटेल तिथे तुम्ही तिला लगेच ओळखाल याची खात्री नाही.

सन १९३०. तुम्ही नांदगाव पेठेत उभे आहात. नागपूरहून अमरावतीला जाणारा रस्ता गावाजवळून गेलेला, आणि त्यावर कपाशीच्या बंड्यांची रांग. अमरावतीच्या जिनिंगसमोर पहाटे नंबर लागावा म्हणून बंडीवाले रात्रीच निघाले आहेत. बैलांच्या घुंगरांमागे आणखी एक आवाज येतो आहे, त्याच्या मागे चाला.

एका वाड्याच्या अंगणात गोंधळ चालू आहे. परवा लग्न झालं, आज कुळाचार. गावात वीज नाही, जे काही दिसतं ते दिवटीच्या उजेडात. गोंधळी कथा सांगतो, संबळ कडाडतो, झांज वाजते. संबळवाल्याच्या बाजूला एक पोरगा काखेत तुणतुणं धरून उभा आहे. त्याचं बोट हलताना तुम्हाला दिसतं, पण तारेचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना तो ऐकू येत असेल, मागे बायकांकडे फक्त संबळ.

यात पोराची चूक नाही. तार ही चीजच अशी आहे की ती कितीही जोरात थरथरली तरी हवा फार हलवू शकत नाही, तिची जाडीच तेवढी नसते. म्हणून तिला कशाला तरी जोडावं लागतं. सतारीला भोपळा, सारंगीला कातडं, तुणतुण्याला लाकडी नळकांड्याच्या बुडाशी ताणलेली चामड्याची चकती. तार त्या चकतीला ओढते, चकती हवा ढकलते. पण संबळाचं कातडं टिपरीचा थेट मार खातं, आणि तुणतुण्याच्या कातड्याला तारेतून पोचतो तेवढाच थरथराट मिळतो. हे भांडण तार हरणारच.

गोंधळी पाणी प्यायला थांबला की पोराजवळ जा. तो विचारेल, "काहून जी, कोठचे तुम्ही?" लांबचा आहे म्हणा. चुंबक काढून हळूच तारेजवळ न्या. तार पितळेची असती तर काहीच झालं नसतं. ही पोलादी आहे, त्यामुळे ती किंचित चुंबकाकडे झुकते. पोरगा दचकतो, मग हसतो. "अजून एक डाव करा ना जी!" पुन्हा करून दाखवा. तुमच्या तांब्याच्या वेटोळ्यात आत्ता, या क्षणी, वीज उठली आहे. इतकी क्षीण की ती मोजायला अंगणात काही नाही. पण उठली आहे. मायकेल फॅरडेने हे १८३१ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं होतं, म्हणजे गोंधळाच्या या रात्रीला जवळजवळ शंभर वर्षं होत आली. चुंबक आणि वेटोळं यांच्यामधलं काहीतरी हललं पाहिजे, एवढीच अट.

इथून दोन ठिकाणी डोकावून घेऊ, मग मुक्कामाला जाऊ.

पहिलं ठिकाण जपानातलं नागोया, १९१२. मोरिता गोरो नावाच्या वादकाने टाइपरायटर पाहिला आणि त्याच्या कळा लाकडी पेटीवरच्या तारांवर बसवल्या. कळ दाबली की खालची पट्टी तारेला टेकते आणि हवा तो सूर मिळतो. बोट कापत नाही, सूर सरकत नाही. त्याच वर्षी जपानात ताइशो युग सुरू झालं म्हणून वाद्य ताइशोगोतो. बोटीतून ते हिंदुस्थानात उतरलं, इथे बुलबुल तरंग झालं, आणि आपल्या लोकांनी त्याला बेंजो म्हणायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कातड्याच्या बँजोशी त्याचं काही नातं नाही. ते तसंच राहू द्या, हे वाद्य आपल्याला पुढे लागणार आहे.

दुसरं ठिकाण हवाई बेटं, १८८९ च्या आसपास. ओआहू बेटावर जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर बोटांऐवजी पोलादाचा तुकडा फिरवतो आहे. रेल्वेच्या रुळावर सापडलेला बोल्ट होता, असं सांगतात. एका सुरातून दुसऱ्या सुरात आवाज न तुटता घसरत जातो. हा खेळ त्याच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशाने तिथे दाखवला होता असाही एक दावा आहे. सिद्ध करता येणार नाही. पण विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरताना पाहिलेल्या माणसाला तो दावा अगदीच हवेतला वाटत नाही.

आता लॉस एंजेलिस, १९३१. इथे बसून घ्या, वेळ लागेल.

जॉर्ज बीचम हा हवाईयन गिटार वाजवणारा, रंगमंचावर कार्यक्रम करणारा माणूस. त्याचं दुखणं तुणतुणेवाल्या पोराचंच आहे. मागे पितळी वाद्यांचा ताफा उभा राहिला की त्याची गिटार नाहीशी होते. गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ वाट्या बसवून आवाज वाढवण्याचा उद्योग तो आणि जॉन डोपेरा यांनी काही वर्षांपूर्वी करून पाहिला. आवाज वाढला, पण पुरेसा नाही. मग भागीदारांशी बिनसलं आणि बीचम घरच्या जेवणाच्या टेबलावर एकटाच खटपट करू लागला.

टेबलावर काय आहे ते पाहा. एक लाकडी ओंडका, त्यावर ताणलेली एकच तार, आणि ग्रामोफोनवरून काढलेला विजेचा पिकअप. एकच तार! पोटात पोकळी नाही, कातडं नाही, भोपळा नाही. नांदगाव पेठेच्या अंगणातल्या पोराला इथे आणून बसवलं असतं तर त्याने विचारलं असतं, हे तुणतुणं आहे का.

ग्रामोफोनचा पिकअप सुई हलली की वीज देतो. बीचमला सुई नको आहे. त्याला तारेनेच चुंबकीय क्षेत्र ढवळायला हवं आहे. यासाठी वेटोळं लागतं, हजारो फेऱ्यांचं, केसाइतक्या बारीक तारेचं. ते त्याने घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटारीवर गुंडाळलं असं एक सांगतो, शिवणयंत्राच्या मोटारीवर असं दुसरा. कोणतं का असेना, त्या आठवड्यात घरातलं एखादं काम अडलं असणार. नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांच्या वरून कमान करून बसवले, खाली वेटोळं, आणि प्रत्येक तारेखाली लोखंडाची एक खुंटी. हॅरी वॉटसन या कारागिराने लाकडातून लांब मान आणि लहानसं गोल अंग कोरून दिलं. ते दिसायला अगदी फ्राइंग पॅन, आणि तेच टोपणनाव त्याला चिकटलं.

आता वाजवून पाहा. तार छेडलीत. पोलादी तार चुंबकाच्या प्रभावाखाली स्वतःच चुंबक झालेली आहे, ती वेटोळ्यासमोर हलते आहे आणि तिच्या हलण्याच्या बरोबर तालावर वेटोळ्यात वीज वर-खाली होते आहे. ती वीज व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये जाते, मोठी होते आणि भोंग्यातून बाहेर पडते. मायक्रोफोनने हे साधलं नसतं का? साधलं असतं, पण मायक्रोफोन हवा ऐकतो. त्याच्यासमोर तुणतुणं धरलं तरी शेजारचा संबळ तोही उचलणार. या पिकअपला संबळ ऐकूच येत नाही. त्याला फक्त लोखंड हललेलं कळतं. माझ्या मते विद्युत गिटारीच्या सगळ्या गोष्टीत एवढा एकच मोठा शोध आहे, बाकीच्या नव्वद वर्षांत सुतारकाम, रंगकाम आणि जाहिराती झाल्या. कुणाला हे अन्यायाचं वाटेल, वाटू द्या.

बीचमच्या मदतीला आला ॲडॉल्फ रिकनबॅकर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, धातूच्या भागांचा कारखाना चालवणारा. त्याच्याकडे ॲल्युमिनियम ओतायची सोय होती म्हणून १९३२ पासून विक्रीला आलेली गिटार ओतीव ॲल्युमिनियमची झाली. दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावायचा आणि वाजवता वाजवता सूर बिघडायचा, पण ते नंतर लक्षात आलं. त्याहून वाईट म्हणजे मंदीचं वर्ष. अमेरिकेतल्या खेड्यांतल्या बहुतेक घरांत तेव्हा वीजच नव्हती. खेड्यातला गवई विजेची गिटार घेऊन करणार काय?

पेटंट कचेरीला वेगळाच पेच पडला. हे विजेचं उपकरण म्हणायचं की वाद्य? आणि मुळात हे चालतं का? शेवटी सोल होओपी या नामांकित हवाईयन वादकाला आणि काही साथीदारांना थेट वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांसमोर वाजवून दाखवावं लागलं. पेटंट मिळालं १० ऑगस्ट १९३७ रोजी. तोवर इतर कंपन्यांच्या विजेच्या गिटारी बाजारात येऊन पोचल्या होत्या. गिब्सनची तर १९३६ मध्येच आली होती.

आता एक गोष्ट गाठीला बांधून इथून उठा. जगातली पहिली चाललेली विद्युत गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी पट्टी घसरवत वाजवायची होती. गळ्यात अडकवून उड्या मारायची गिटार फार नंतरची.

कलकत्त्यात फार रेंगाळू नका. चाळीसच्या दशकात हवाईयन संगीत घेऊन जगभर फिरणारं ताऊ मो यांचं कुटुंब तिथे राहतं आहे, हॉटेलांत वाजवतं, शिकवतं. त्यांच्याकडून आणि त्यांच्या शिष्यांकडून मांडीवरची गिटार बंगाली घरांत शिरते, रवींद्रसंगीत वाजवू लागते. पुढे काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध आणि नंतर सुनील गांगुली यांनी तिच्यावर तबकड्यांमागून तबकड्या काढल्या.

मुंबईत मात्र उतरा. पन्नासचं दशक, ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, गोव्याचे ट्रम्पेटवाले, काचेपलीकडे घामाघूम रेकॉर्डिस्ट. मधे एक देखणा माणूस विजेची गिटार घेऊन बसला आहे, तिला आठ तारा आहेत. हे व्हॅन शिपली. लखनौचे, मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले, व्हायोलिनवरही तेवढाच हात. हिंदी सिनेमात विजेची गिटार रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्यांच्या सोबतीला ॲकॉर्डियनवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स. या दोघांनी सिनेमातल्या चाली शब्दांशिवाय वाजवल्या, एचएमव्हीने त्या तबकड्यांवर आणल्या आणि गावोगाव विकल्या.

नीट ऐका. गळ्याच्या ज्या जागा पेटीवर निघत नाहीत, मींड जिथे एका सुराची दुसऱ्याशी गाठ घालते, तिथे ही गिटार बिनधास्त जाते. पडदे तिला अडवत नाहीत. पियानोला आपल्या कानाने कधी मनापासून घरात घेतलं नाही आणि या परदेशी बाईला पहिल्याच भेटीत पाट मांडला, त्याचं कारण ही घसरण. विद्युत गिटार आपल्याकडे रॉक संगीताबरोबर, लांब केसांच्या पोरांबरोबर आली असं सर्रास लिहिलं जातं. ती त्याच्या वीस वर्षं आधी लताबाईंच्या गाण्यांच्या चाली वाजवत आली होती.

मधल्या मधे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला एक फेरी. १९५० साल, लिओ फेंडर यांचं दुकान. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नाही. म्हणूनच कदाचित त्यांना गिटारीच्या पोटाबद्दल कसलीही माया नव्हती. पोकळ गिटारीला पिकअप लावून आवाज वाढवला की भोंग्याचा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, तार पुन्हा हलते आणि लाऊडस्पीकरवाले ज्याला शिट्टी मारणं म्हणतात ते सुरू होतं. फेंडर यांनी पोटच काढून टाकलं. सपाट लाकडी फळी, तिला स्क्रूने आवळलेली मान, बिघडली तर बदला. लेस पॉल यांनी १९४१ मध्येच लाकडाच्या चौकोनी ओंडक्यावर हे करून पाहिलं होतं, पण कारखान्यातून धडाधड निघणारी वस्तू केली ती फेंडर यांनी. त्या गिटारीला १९५१ मध्ये टेलिकास्टर नाव मिळालं, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. पुढचा इतिहास पोस्टरांवर आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे.

परत नांदगाव पेठेत. साल १९५८, बुधवारची रात्र. भाषावार प्रांतरचनेत वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येऊन दोन वर्षं झाली आहेत. गावात एका घराच्या माळवदावर तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली दिसते. ओसरीवर बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसं. नागपूर केंद्र १९४८ पासून लागतं, पण आज सुई सिलोनवर आहे, कारण आज बिनाका गीतमाला. अजून सुरू व्हायची आहे. आधीच्या कार्यक्रमाला आणि हिला जोडणाऱ्या रिकाम्या वेळेत सिलोनवाल्यांनी एक तबकडी लावली आहे, शब्दांशिवाय. चाल सगळ्यांना ठाऊक. कोपऱ्यात बसलेले आजोबा तंबाखू मळता मळता विचारतात, "हे कोन गाऊन राह्यलं गा?" कुणी सांगतं की गात नाही, बाजा आहे. आजोबांना पटत नाही. माणसाच्या गळ्याशिवाय असं वळत नाही म्हणतात.

त्यांना सांगायच्या भरीला पडू नका. त्यांचं ऐकणं चोख आहे.

याच रस्त्यावर नागपूरच्या बाजूला मोझरी आहे. तिथे तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम १९३५ पासून उभा आहे. जवळचंच यावली त्यांचं जन्मगाव. खंजिरी आणि आवाज एवढ्या भांडवलावर हजारोंचा समुदाय बसवून ठेवणारा माणूस. मला नेहमी वाटतं की या भागात कानाला मोठ्या जमावाची सवय लावली ती भजनाने. जमाव आधी जमला, लाऊडस्पीकर मागून आला. तारेच्या वाद्यांनाही मग त्या जमावाच्या मापाचं व्हावं लागलं.

आणि ते कसं झालं ते पाहायला आणखी सोळा वर्षं पुढे या. १९७४, एप्रिलची चौदा तारीख, रात्रीचे दहा. दिवसा मिरवणूक झाली आहे, आता कव्वालीचा सामना. निळ्या पताका, मांडवाच्या खांबांना ट्यूबलाइट. गावात वीज आली आहे, पण तिच्यावर भरवसा नाही म्हणून आहुजाचा ॲम्प्लिफायर बॅटरीलाही जोडून ठेवलेला. लाऊडस्पीकरवाल्याने दोन भोंगे लिंबावर बांधले आहेत, एकाचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं रस्त्याकडे. बाबासाहेबांवरची गाणी आहेत, वामनदादांची एखादी रचना नक्की होणार. मुख्य गायक, मागे कोरस, ढोलक, पेटी. आणि पेटीवाल्याच्या शेजारी मांडीपुढे आडवं ठेवलेलं, टाइपरायटरच्या कळा असलेलं वाद्य. नागोयाचं.

वाकून बघा. कळांच्या पलीकडे, जिथे उजवा हात प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडतो, तिथे तारांखाली काळ्या टेपने काहीतरी चिकटवलेलं आहे. टेपखालून बारीक वायर निघून ॲम्प्लिफायरच्या मागे गेली आहे. वादकाला विचारा. "रेडिओवाल्यानं करून देल्लं. जुन्या हेडफोनच्या कानातलं हाय." म्हणजे चुंबक आणि वेटोळं. अमरावतीतल्या कुणा रेडिओ मेकॅनिकने बीचमचं नाव ऐकलेलं नाही, त्याचं पेटंट पाहिलेलं नाही. त्याला एवढंच माहीत आहे की हेडफोनमध्ये विजेने पत्रा हलतो, तर उलटं करून बघू. लोखंड हललं की वीज यायला पाहिजे. आली.

गायकाने तान घेतली आणि बेंजोवाल्याने ती उचलली. ढोलक पूर्ण जोरात आहे, कोरस टाळ्या पिटतो आहे, आणि या सगळ्याच्या वर तार आहे. लिंबावरून, थोडी चिरकी, थोडी फाटलेली, पण प्रत्येक सूर मोजून घ्यावा अशी. रस्त्यावर थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून ऐकतो आहे. तो फाटलेपणा म्हणाल तर दोष आहे. स्वस्त ॲम्प्लिफायर त्याच्या ऐपतीपलीकडे ढकलला की लाटांचे शेंडे छाटले जातात आणि आवाजाला धार येते. विलायतेत हीच धार आणायला १९६२ पासून खास पेटी विकत मिळते, पायाने दाबायची. इथे फुकट आहे. वादक मान हलवतो, बटण आणखी थोडं फिरवतो.

ही विद्युत गिटार नाही म्हणणारे असतील. त्यांनी पोलादी तार, चुंबक, वेटोळं आणि भोंगा यांतलं काय कमी आहे ते दाखवावं.

मुंबईतल्या त्याच काळाला दोन मिनिटं पुरतात. १९७१ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’साठी आर. डी. बर्मन यांनी भूपिंदर सिंग यांच्या हातून ‘दम मारो दम’ची ती गिटार वाजवून घेतली आणि एका पिढीच्या मनात गिटार म्हणजे धूर हे समीकरण बसलं. पुढच्याच वर्षी लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात रात्री वाजवूनही गेले. शहरातल्या कॉलेजांत बँड निघत होते. आयातीवर निर्बंध होते, परदेशी गिटार कुणाच्या मामाने आणली तरच. पोरं सुताराकडून फळ्या कापून घेत आणि ॲम्प्लिफायर स्वतः जोडत. नांदगाव पेठेतल्या बेंजोवाल्यापेक्षा त्यांची परिस्थिती फार वेगळी नव्हती. वर्तमानपत्रात नावं यायची, एवढा फरक.

आता आजच्या दिवसात या. रस्ता चौपदरी, टोलनाका, वस्त्रोद्योगाची एमआयडीसी. ज्या कापसाच्या बंड्या तुम्ही रात्री पाहिल्या त्यांच्या वाटेवर आता सूत आणि कापड तयार होतं. आणि क्षितिजावर औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या. अप्पर वर्धा धरणाचं पाणी, बाहेरून येणारा कोळसा, २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॉट. त्या पाण्यावरून शेतकऱ्यांची आंदोलनं झाली, तो विषय स्वतंत्र आहे आणि संपलेलाही नाही. तुम्ही फक्त आत काय फिरतं ते आठवा. वाफेवर फिरणारा प्रचंड चुंबक, त्याच्याभोवती तांब्याची वेटोळी. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. तुणतुण्याजवळ अंगणात जे झालं तेच, फक्त तिथे तार तुमच्या हातातल्या चुंबकाने हलली आणि इथे कोळशाने हलवावं लागतं.

त्या ५० फेऱ्यांना सूर आहे. पांढरी पाचच्या किंचित वर, अगदी खालच्या सप्तकात. साध्या एका वेटोळ्याची गिटार लावून नुसते बसून राहा, ॲम्प्लिफायरमधून तो सूर गुणगुणत येतो. घरातल्या भिंतीतल्या वायरिंगमधून तो वेटोळ्यात शिरतो. अमेरिकेत वीज ६० फेऱ्यांची, म्हणून तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडते, कोणत्याच पट्टीत न बसणारी. आपल्या गुणगुणीत थोडी कानस मारली तर गाता तरी येईल! गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन वेटोळी, एक उलट गुंडाळलेलं आणि त्याचा चुंबकही उलटा. तारेची वीज दोन्हींतून एकाच दिशेने येते म्हणून बेरीज होते, भिंतीतली गुणगुण दोघांत विरुद्ध दिशेने येते म्हणून वजाबाकी. १९५७ पासून ते पिकअप गिटारींवर बसू लागले.

मिरवणुकीत आता बेंजो क्वचित दिसतो. डीजेच्या ट्रकने त्याला गिळलं, ढोलकवाल्यांनाही गिळलं. २०१६ मध्ये रवी जाधवांनी बेंजोवर आख्खा हिंदी सिनेमा काढला, तोवर वादक पांगायला लागले होते. पण गावातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडे ऑनलाइन मागवलेली गिटार आहे, त्यातली स्वस्त. तिचा मधला पिकअप मेला आहे. कंपनी नवा देत नाही, बाहेर घ्यायला गेलं तर गिटारीच्या निम्मी किंमत. म्हणून तो तुम्हाला रस्त्याकडेच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात भेटतो. बाहेर पाणबुडी पंपांची रांग, आत तांब्याच्या रिळांचा ढीग, आणि मिस्त्री जळालेल्या स्टेटरमधून काळी तार उपसतो आहे.

"कायची मोटार हाय?"

"मोटार नाही जी. गिटारची कॉइल भरून पायजे."

मिस्त्री पिकअप हातात घेऊन उलटसुलट करतो. आगपेटीपेक्षा फार मोठा नाही. "किती गेज?"

"बेचाळीस."

मिस्त्री एक रीळ पुढे करतो, सगळ्यात बारीक आहे त्यातलं. पोरगा मोबाइल काढतो, पुन्हा वाचतो. तो बेचाळीस अमेरिकेच्या मापाचा. आपल्या गेजात तो शेहेचाळीस होतो, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. मिस्त्रीचा बेचाळीस त्याच्या दीडपट जाड आहे.

"शेहेचाळीस आमी ठेवत नाही. पंपाले कायले लागते? रिलेच्या कॉइलमंधी भेटन, जुन्या. अन् वेढे?"

"सात-आठ हजार."

मिस्त्री मान वर करतो. शेजारी चहा पीत बसलेला शेतकरी, ज्याचा पंप कालपासून इथे पडला आहे, तोही.

"हातानं?"

"तुमच्या मशिनवर होणार नाही का? काउंटर हाय ना तिले."

"काउंटर हाय. पन तार तुटन. धरून धरून सोडा लागन, सावकाश." तो पिकअप पुन्हा एकदा उजेडात धरतो. "रब्बीचे पंप येऊन राह्यले. सोमवारी ये. तार तू आन, वेढे मी मारून देतो. तुटली तर पुन्हा तूच आनजो."

"पैशे?"

"वाजली तर सांगतो."